पुलापलीकडचं नाव

फॅक्स मशीनमधून दोन पानं बाहेर आली, तरी ती घ्यायला कुणी उठेना. शेवटी नंदाच उठली.

नवव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमधून एरवी समुद्र दिसायचा, नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसायची. आज खालची ईस्ट कोस्ट पार्कची झाडंसुद्धा दिसत नव्हती. सुमात्रातली जंगलं पेटली होती आणि तिकडचा धूर दोन दिवसांपासून सिंगापूरवर येऊन बसला होता. सगळ्या खिडक्या लावून घेतल्या तरी घशात जळकट चव यायची ती यायचीच.

"काय लिहिलंय?" निशिकांतनं सोफ्यावरूनच विचारलं.

"इंग्रजीत आहे. तुम्हीच बघा."

त्यानं चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं हातात घेतलं. समोरच्या खुर्चीत स्मिता बसली होती. गुरुवारी संध्याकाळी मलेशियातल्या जोहोरच्या कारखान्यात सुबोध कोसळल्याचा फोन आला, तेव्हा अंगावर होता तोच सलवार-कमीज अजून तिच्या अंगावर होता. सव्वीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं तोंडही तिला अजून बघायला मिळालं नव्हतं. तिचा मुलगा अनिमेष खिडकीपाशी उभा राहून काचेबाहेरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होता.

"मोठ्यानं वाचा ना, भावजी," स्मिता म्हणाली.

निशिकांतनं घसा साफ केला आणि वकिलाचं इंग्रजी मराठीत सांगायला सुरुवात केली. "मी मयताचा सख्खा थोरला भाऊ. शपथेवर लिहून देतो, की मयत सुबोध हा जन्मानं हिंदू होता, मरेपर्यंत हिंदू म्हणूनच जगला. त्यानं इस्लाम स्वीकारल्याचं मला..." तो अडखळला. "मला कधीही, कोणत्याही मार्गानं कळलेलं नाही."

"बरोबर आहे की मग. करा सही."

"नोटरीसमोर करायची असते. साडेअकराची वेळ दिलीय त्यानं."

"मग निघू या. दहा वाजत आलेत."

निशिकांत हलला नाही.

काल तो आणि अनिमेष पिशवीत कोरं धोतर, तुळस आणि गंगाजळाचा गडू घेऊन कॉजवेचा पूल ओलांडून जोहोरला गेले होते. ती पिशवी तशीच परत आली होती आणि आता दाराशेजारी पडली होती. जोहोरच्या सरकारी इस्पितळातल्या शवागाराच्या कारकुनानं रजिस्टर त्यांच्याकडे वळवून दाखवलं होतं. नाव, सुबोध बिन अब्दुल्ला. आगामा, म्हणजे धर्म, इस्लाम. धर्मखात्याचा अधिकारी त्यांना भेटायला आला, त्यानं स्वतः खुर्च्या ओढून दिल्या आणि हळू आवाजात समजावलं. कागदोपत्री तो मुसलमान आहे, मुसलमानाला आम्ही दहन करू देऊ शकत नाही. तुमची हरकत असेल तर उद्या दुपारी एकपर्यंत शपथेवर लिहून आणा. नाहीतर दुपारच्या, अस्रच्या नमाजानंतर दफन.

तिथला वकील चंद्रशेखर हा तमिळ माणूस. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. साहेब, आमच्या देशात ही गोष्ट सोपी नाही. दिवाणी न्यायालय म्हणेल, हा आमचा विषयच नव्हे. पण भाऊ, बायको, मुलगा अशी तिन्ही प्रतिज्ञापत्रं हातात पडली, तर खातं सोमवारपर्यंत तरी थांबेल. फोटो असतील तर फार बरं.

फोटो स्मितानं काढूनच आणले होते. टीपॉयवर ती एकेक मांडत होती. "हा बघा, ऑगस्टमधला. आमच्या गणपतीची आरती करतोय. हा तुमच्याकडचा, मागच्या दिवाळीचा. आणि गेल्या रविवारी तर घट बसलेले होते, माझ्या हातचं जेवला तो. वरणभात दोनदा वाढून घेतला. असला कसला अब्दुल्ला हो?" तिचा आवाज चिरकला. "कुणीतरी फसवून सही घेतली असणार त्याची. कारखान्यातली माणसं असतात असली."

नंदा फोटोंकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. बत्तीस वर्षं बँकेत काढलेला हा माणूस. समोर आलेल्या कागदावर सही करायची की नाही, हे त्याला एका वाचनात कळायचं. आज त्याच्या अंगठ्याखाली कागदाचा कोपरा ओला झाला होता.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. अनिमेषनं घेतला. खालच्या गार्डशी दोन वाक्यं बोलला, आणि नंदाकडे वळला.

"काकू, कुणीतरी मलय बाई आलीय म्हणे. बरोबर लहान मुलगी आहे. तुमचं नाव सांगतेय."

नंदा लगबगीनं दाराकडे वळली. "मी बघते," ती म्हणाली, पण अनिमेष तोवर चपला घालून बाहेर पडला होता.

*

गार्डच्या खोलीबाहेर उभी असलेली बाई मलय नव्हती. डोक्याला करडा स्कार्फ, तोंडावर धुरासाठीचा कागदी मास्क. तिनं तो खाली ओढला आणि अनिमेषनं तिला ओळखलं. युनी. वाह्युनी. काकांकडे दोन वर्षं घरकामाला असलेली जावामधली मुलगी. तो सेकंडरीत होता तेव्हा शाळा सुटल्यावर इथेच यायचा आणि ही त्याला नूडल्समध्ये अंडं फोडून घालायची. मराठी ऐकून ऐकून ती 'बस', 'जेव', 'उचल' एवढं बोलायला लागली होती, आणि मग बरंच काही. एक दिवस अचानक ती दिसेनाशी झाली. काकूंनी सांगितलं, गावी गेली.

"अनिमेष," ती म्हणाली. "किती उंच झाला."

तिच्या हाताला धरून चार वर्षांची मुलगी उभी होती. मास्क तिच्या चेहऱ्याला मोठा होत होता, त्यामुळे नुसत्या भुवया दिसत होत्या. डावी भुवई मधेच तुटलेली. अनिमेषचा हात नकळत आपल्या डाव्या भुवईकडे गेला. बाबा म्हणायचे, ही आमच्या घराण्याची खूण. आजोबांनाही होती.

"ही लारास," युनी म्हणाली.

त्याला पुढचं विचारावं लागलं नाही.

त्याला वाटलं, हिला इथूनच परत पाठवावी. टॅक्सी बोलवावी, बसवून द्यावी, वर जाऊन सांगावं की चुकून कुणीतरी आलं होतं. आईनं दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"यू कान्ट कम अप, युनी," तो म्हणाला. "नॉट टुडे. माय मदर इज देअर."

"म्हणून आज आली." तिनं मुलीला उचलून कडेवर घेतलं. "फोन केला काल, दहा वेळा. दादा उचलत नाही. उद्या आली तर उपयोग नाही."

"दादा म्हणजे? काका?"

तिनं नुसती होकारार्थी मान हलवली. गार्ड दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करत होता. अनिमेषनं लिफ्टचं बटण दाबलं. नऊ मजले चढेपर्यंत ती छोटी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे एकटक बघत राहिली.

*

स्मितानं युनीला ओळखायला वेळ लावला नाही. "ही नंदाताईंची मोलकरीण ना?" एवढं म्हणून तिची नजर मुलीकडे गेली. नंदानं त्या मुलीचा मास्क काढून तिला पाणी दिलं होतं, आणि चेहरा आता उघडा होता.

खोलीत मुलगी घटाघटा पाणी पीत होती, तेवढाच आवाज.

"किती वर्षांची?" स्मितानं विचारलं.

"चार, मॅम."

"चार." स्मितानं टीपॉयवरचे फोटो गोळा करायला घेतले, मग हात थांबवला. "म्हणजे हिच्या जन्माच्या वेळी तो आठवडाभर तिकडे राहून दर शनिवारी माझ्याकडे येत होता."

"हो, मॅम."

"तुला माहीत होतं मी आहे ते."

"हो. माहीत होतं. त्याने खोटं नाही सांगितलं मला."

"तुला नाही सांगितलं!" स्मिता हसली. ते हसणं ऐकून अनिमेष तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

नंदानं घाईघाईनं चहाचा कप युनीपुढे केला. दुसरं काय करावं, ते तिला सुचत नव्हतं. युनीनं कपाला हात लावला नाही. "नको, मॅम. पुआसा. रोजा आहे."

"आज? अशा दिवशीसुद्धा?"

"तोही रोज्यात गेला, मॅम. सुटायला तासभर होता."

स्मितानं मान वर केली. "काय म्हणालीस? सुबोधचा उपास होता? अगं, गेल्या रविवारी तो माझ्याकडे..."

"रविवारचे तो नंतर धरायचा. रमदान संपला की. वहीत लिहून ठेवायचा, किती राहिले." युनी खाली बघून बोलत होती. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुमच्याकडे जेवायचा. तुमच्या गणपतीला पण तो मनापासून करायचा. मी विचारलं एकदा, तू कोण आहेस नक्की? तो म्हणाला, पुलावर कुठे आहे त्यावर आहे."

निशिकांत ताडकन उठला. "हे बघ युनी, तू काय हवं ते सांग आणि जा. आम्हाला साडेअकराला पोचायचंय."

"तेच सांगायला आली, दादा. तो कागद देऊ नका."

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेले तीन कागद काढले. धर्मांतराचा दाखला, निकाहचा दाखला, मुलीच्या जन्माचा दाखला. ते तिनं जमिनीवर एकाखाली एक ठेवले, जणू दुसरा पहिल्यावर उभा होता आणि तिसरा दुसऱ्यावर.

"तुम्ही लिहिलं, तो मुस्लिम झालाच नाही. मग हा खोटा. मग निकाह नाही. मग हिला बाप नाही." ती एकेका कागदावर बोट ठेवत होती. "मी इंडोनेशियाची. माझा व्हिसा त्याच्यावर. मला परत पाठवतील, ते ठीक आहे, माझं गाव आहे. पण हिच्या कागदावर लिहितील बाप नाही, ते सगळीकडे जाईल. शाळेत, लग्नात, सगळीकडे."

"तर मग कशाला केलंस लग्न?" स्मिता म्हणाली. "कशाला त्याला मुसलमान केलंस?"

"मी नाही केलं, मॅम." पहिल्यांदाच युनीचा आवाज चढला. "माझ्या बापाचं नाव विस्नू. आजोबा अर्जुनो. सगळे नमाज पढणारे. माझा मामा कॅथलिक, ईदला आमच्याकडे जेवतो, आम्ही ख्रिसमसला त्याच्याकडे. गावात कुणी विचारत नाही. सिंगापूरमध्ये फॉर्मवर लिहून घेतात आणि प्रत्येकाला आपल्या कप्प्यात सोडून देतात. जोहोरला तसं नाही. तिथे माझ्याशी लग्न करायचं तर आधी मुस्लिम व्हायला लागतं. तिथे म्हणतात मासुक मेलायू, मलय झाला. धर्म घेतला की माणसाची जातच बदलली. तोच कुराण, तिन्ही देशांत. मी काय करू?"

"मग त्यानं नुसतं सही करण्यापुरतं केलं," निशिकांत म्हणाला. "तेच तर कोर्टाला सांगायचंय. मनानं तो आपलाच होता."

"पहिल्या वर्षी सही होती, दादा. नंतर नाही. नंतर तो पहाटे माझ्याआधी उठायचा." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत आहे ना हे. त्याने तुम्हाला सांगितलं होतं."

नंदानं डोळे मिटून घेतले.

स्मिता हळूहळू वळली. "भावजी?"

निशिकांत पुन्हा सोफ्यावर बसला. पाच वर्षं त्यानं हा क्षण येणारच नाही असं धरलं होतं. जूनचा महिना होता. याच पार्कातल्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, सुबोधनं त्याला बोलावून घेतलं होतं. सुबोधनं नेहमीचे डुकराच्या मांसाचे नूडल्स मागवले नाहीत, नुसता नारळ घेतला, आणि स्ट्रॉ वाकवत सांगितलं, दादा, मी कलमा पढलोय. त्याला रडू येत होतं. त्याला थोरल्या भावानं काहीतरी म्हणावं असं वाटत होतं, शिवी दिली असती तरी चाललं असतं. निशिकांतनं आजूबाजूच्या टेबलांवर कुणी मराठी नाही ना, एवढं पाहिलं होतं.

"सांगितलं होतं," तो आता म्हणाला. "दोन हजार एकमध्ये."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हे या टेबलावरून उठून कुठे जाता कामा नये. स्मिताच्या, अनिमेषच्या कानावर जाता कामा नये. तू इकडे आलास की आमचाच सुबोध म्हणून यायचं. आरत्या, दिवाळी, सगळं."

"म्हणजे तो तसं वागला ते तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी तुझ्यासाठी केलं, स्मिता. तुझं घर मोडू नये म्हणून."

"माझं घर?" ती म्हणाली. "पाच वर्षं दर रविवारी माझ्या ताटावर कोण बसत होतं, ते तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं. आणि घर माझं?"

"आणि तुला?" तिनं नंदाला विचारलं. 'तुम्ही' सुटून 'तुला' झालं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

नंदानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "कलम्याचं नव्हतं माहीत. पण या दोघांचं मला दिसलं होतं. ही इथे असतानाच. म्हणून मी हिचा करार संपायच्या आधीच हिला काढलं. वाटलं, संपेल." ती ओट्याकडे वळली, पुन्हा मागे आली. "तुला सांगायला हवं होतं. रोज वाटायचं."

निशिकांतनं कागद उचलला. "झालं ते झालं. मी सही करतो. मी चुकलो असेन, पण माझा भाऊ तिकडच्या मातीत परक्या नावानं पडलेला मला चालणार नाही. आईला काय तोंड दाखवू वर गेल्यावर? अनिमेष अग्नी देईल. लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे, तेवढं पाप माझ्या माथी. चल स्मिता. दोघं सही करू."

युनीनं मुलीला जवळ ओढलं. विनवण्या तिच्याकडे शिल्लक नव्हत्या.

स्मिता उठली. अनिमेषला वाटलं, आई पर्स घेतेय, निघणार. ती फोनपाशी गेली, भिंतीवर टाचलेला वकिलाचा नंबर बघून बटणं दाबली आणि स्पीकर चालू केला.

"मिस्टर चंद्रशेखर? मिसेस सुबोध. माझ्या दिरांना तुम्हाला काही सांगायचंय." तिनं रिसीव्हर निशिकांतपुढे धरला. "सांगा. माझ्यासमोर सांगा, त्यानं तुम्हाला सांगितलं होतं म्हणून."

"स्मिता, विचार कर. एकदा बोललो की संपलं."

"त्याचा धर्म कुठला होता मला माहीत नाही. आता कधी कळणारही नाही. पण माझ्या नावावर आणखी एक खोटं मी तुम्हाला करू देणार नाही. एक पुरे झालं."

"हॅलो? सर?" स्पीकरमधून वकिलाचा आवाज आला. "डिक्लरेशन मिळालं का? काही प्रश्न आहे?"

निशिकांत रिसीव्हरकडे बघत राहिला. मग इंग्रजीत म्हणाला, "येस. ही टोल्ड मी. फाइव्ह इयर्स बॅक."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सर, हे आता मी ऐकलंय," चंद्रशेखर म्हणाला. "आता मला ते दाखल करता येणार नाही. आय अ‍ॅम सॉरी, सर. मी खात्याला कळवतो, कुटुंबाची हरकत नाही म्हणून."

फोन ठेवल्यावर युनी स्मितासमोर वाकली, पाया पडायला, जसं या घरात तिनं दिवाळीला सगळ्यांना करताना पाहिलं होतं. स्मिता दोन पावलं मागे सरली.

"नको. मी तुझ्यासाठी केलं नाही हे." मुलगी तिच्याकडे बघत होती. स्मितानं मान फिरवली. "हिला माझ्यासमोरून ने आता."

"आई, मी जातो यांच्याबरोबर," अनिमेष म्हणाला. "चार वाजता..."

"जा."

"मीही येतो." निशिकांत चष्मा शोधू लागला. "थांब, पासपोर्ट घेतो."

"तुम्ही येऊ नका, काका."

"अरे, माझा भाऊ आहे तो!"

"आय नो. पण तुम्ही आलात तर मला तिथे तुमच्याकडेच बघत राहावं लागेल. प्लीज."

निशिकांत दारापर्यंत गेला आणि थांबला. नंदानं त्याला हाताला धरून बसवलं नाही. स्मिता पर्स उचलून, कुणाचा निरोप न घेता बाहेर पडली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली गेली. नऊ मजले तिच्या सपातांचा आवाज येत राहिला.

*

कब्रस्तान जोहोरच्या बाहेर एका उतारावर होतं. मागे पामची बाग धुरात अर्धी बुडालेली. कारखान्यातली वीस-पंचवीस माणसं आली होती. त्यांच्यात दोन चिनी आणि एक शीख सुपरवायझरही मागच्या बाजूला उभे होते. अनिमेष त्यांच्याशेजारी उभा राहिला. काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. आर्मीतली सक्तीची अडीच वर्षं त्याच्या शेजारच्या पलंगावर हाफिझ झोपायचा. त्याची जेवणाची रांग वेगळी, शुक्रवारची दुपार वेगळी, याहून जास्त अनिमेषनं कधी काही विचारलं नव्हतं.

पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते आणलं तेव्हा त्याला वाटलं होतं त्याहून ते लहान दिसलं. शवागारात त्यानं चेहरा पाहिला होता. दाढी केलेली, केस नीट विंचरलेले, रविवारी दुपारी जेवून पेपर तोंडावर घेऊन झोपायचे तसेच. युनी पोरीला घेऊन फाटकाशी थांबली होती.

तिघं तरुण खड्ड्यात उतरले. वरून ते खाली दिलं गेलं. कागदावरचं नाव वाचून म्हातारे इमाम काहीतरी म्हणू लागले, आणि अब्दुल्ला हा शब्द पुन्हा पुन्हा आला. अनिमेषला एकदम तिथून पळून जावंसं वाटलं. हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय. आपण चुकीच्या ठिकाणी आलोय.

प्रार्थना संपल्यावर इमामांची नजर त्याच्यावर गेली. ते काठी टेकत जवळ आले.

"कारखान्यातले का तुम्ही?" त्यांनी मलयमध्ये विचारलं.

शीख सुपरवायझर त्याच्याकडे बघू लागला. हो म्हणणं सोपं होतं. सगळ्यांनाच सोपं गेलं असतं, युनीलाही.

"नाही," अनिमेष म्हणाला. "मुलगा. मी त्यांचा मुलगा."

माणसांत कुजबूज झाली. पाच वर्षं अब्दुल्लाबरोबर जेवणाचे डबे खाल्लेल्या माणसांना हे माहीत नव्हतं. इमामांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. हातातला लाल गोफ, जो परवा नवरात्रात आईनं बांधला होता, तोही त्यांनी पाहिला.

मग त्यांनी काठीनं समोरच्या दोघांना बाजूला व्हायला सांगितलं. अनिमेषला डोक्याच्या बाजूला, अगदी कडेला उभं केलं, वाकून मातीचं एक ढेकूळ उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. ते ओलं आणि जड होतं. कसं टाकायचं, काय म्हणायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. अनिमेषनं गुडघ्यावर बसून ते हात खाली नेऊन सोडलं, फेकलं नाही. "बाबा," तो म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

परतीच्या बसमध्ये, कॉजवेवरच्या लांबलचक रांगेत, त्यानं आईला फोन लावला. पहिल्या रिंगला तिनं उचलला.

"आई. झालं."

"हं."

"मी वूडलंड्सच्या नाक्याच्या अलीकडे आहे. ट्रॅफिक आहे. तासभर लागेल."

तिच्यामागे नळ चालू असल्यासारखा आवाज येत होता.

"आई, तू काही खाल्लंस का?"

"कुणी होतं का रे तिथे?" तिनं विचारलं. "माणसं होती का?"

"होती. पंचवीस-तीस तरी. नीट केलं त्यांनी."

बस दोन फूट पुढे सरकली आणि थांबली. अनिमेषला वाटलं, तिनं ठेवला फोन.

"घरात येताना कशाला शिवू नकोस," स्मिता म्हणाली. "पायपुसण्यावरच थांब, बेल वाजव. मी बाथरूममध्ये पाणी काढून ठेवलंय. आधी डोक्यावरून आंघोळ कर. मग मी करते."